नऊ किलो आठशे

व्यायामोपचाराच्या खोलीतले चेंडू आणि लाकडी पायऱ्या बाहेर काढून तिथे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाचा जादा पलंग लावला होता. यंदा श्वासाच्या आजारानं मुलांची नुसती रीघ लागली होती. एक पलंग रिकामा होतो न होतो तोच दारात दुसरं मूल. हॉस्पिटलची यंत्रं सांभाळणाऱ्या मिस्त्रीला डोकं खाजवायला फुरसत नव्हती, आणि ते त्याच्या पथ्यावरच पडलं होतं. घरी जाऊन करायचं काय?

मागच्या वर्षी त्याची ढब्बू याच इमारतीत, खालच्या बाकावर, पलंगाची वाट बघता बघता त्याच्या खांद्यावर गेली. नाव ढब्बू, पण अंगानं काडी. नर्सनं वजन केलं तेव्हा नऊ किलो आठशे भरलं होतं. इथला प्रत्येक पलंग ज्याच्या हाताखालून जातो, त्याला स्वतःच्या लेकीसाठी एक मिळाला नाही, हे त्याला आतून खात होतं.

नव्या पलंगात वजनकाटा होता, कारण मुलांना औषध वजनाच्या हिशेबानं द्यावं लागतं. गादी-चादर घातली की काटा शून्यावर आणायचा. दुकानदार रिकामा डबा ठेवून आणतो तसाच. मिस्त्रीनं बटण दाबून शून्य आणलं आणि हत्यारं गोळा करायला वाकला. उठून पाहतो तर पडद्यावर आकडा.

नऊ किलो आठशे.

पलंग भिंतीला टेकलाय का, वायर कुठे अडकलीय का, सगळं पाहिलं. बंद करून पुन्हा चालू केलं. आकडा तोच. शेवटचा अंक तेवढा किंचित वर-खाली होत होता, वर कुणी श्वास घेत असावं तसा. त्यानं चादरीवर हात ठेवला. चादर तापलेली होती.

"मिस्त्रीदादा, झालं का?" मोठ्या सिस्टर दारातून ओरडल्या. "बाळ वर येतंय. हातानं श्वास देतायत त्याला. किती वेळ देणार?"

"काटा जरा..."

"काट्याचं काय आता?"

पलंग नादुरुस्त आहे, एवढं म्हटलं असतं तर उद्यापर्यंत त्याला कुणी हात लावला नसता. म्हणावंसं त्याला फार वाटलं. मग लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ कुणाच्या तरी आईचं रडणं.

तो चादरीवर वाकला. "थोडी सरक गं राजा," तो पुटपुटला. "त्यालाही जागा हवीय."

आणि बटण दाबलं. शून्य.

बाळाला ठेवलं. वजन खाली तपासताना भरलेल्या वजनाशी तंतोतंत जुळलं.

पुढे मिस्त्री काही ना काही निमित्त काढून तिथे डोकावायचा. बाळ सुधारत होतं.

"एक कळत नाही," सिस्टर एकदा म्हणाल्या, "मधोमध झोपवलं तरी हा आपला कडेलाच. कुणाला जागा करून देतो कोण जाणे."

त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी मिस्त्री पोटभर जेवला.

बाळाला साध्या वॉर्डात न्यायच्या दिवशी आईनं हट्टानं त्याला स्वतःच कडेवर घेतलं. सिस्टर चादर काढायला वळल्या.

"दादा, तुमचा काटा बिघडला बघा."

पडद्यावर उणे नऊ किलो आठशे. शून्य करताना पलंगावर जे होतं, ते आता तिथे नव्हतं.

मिस्त्रीनं चादर चाचपली. गार पडली होती. तो धावत दारात आला.

"आजारपणात उलट जडच झालाय की हो," बाळाची आई नर्सला हसत सांगत होती.

थांबा म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

बाळ तिच्या उजव्या कडेवर होतं. डाव्या कडेवर काहीच नव्हतं, तरी तो हात तिनं कोपरात मुडपून, खाली पंजाचा आधार देऊन धरला होता. मधेच थांबून तिनं तीही कड सावरली आणि पुढे निघाली.