सातवं प्रकरण

सकाळी नऊला फोन आला. दहाच्या आत महिला पोलीस निरीक्षक माजी राजदूतांच्या अभ्यासिकेत उभी होती. कपाटाचं कुलूप शाबूत होतं.

"काय गेलंय?"

"माझ्या आत्मचरित्राचं सातवं प्रकरण. हाताने लिहिलेली बावीस पानं, एकच प्रत." राजदूत होण्याआधी ते पंधरा वर्षं हेरखात्यात होते. "घरात फक्त एवढंच सांगितलंय, की कागद चोरीला गेले."

"किल्ली?"

"गळ्यात असते. आंघोळीपुरती काढतो."

टंकलेखक बाहेरच्या खोलीत थांबला होता. "मी सहाच प्रकरणं टाईप केली, मॅडम. सातवं साहेबांनी दाखवलंसुद्धा नाही."

राजदूतांची पत्नी स्वयंपाकघरात भाजी निवडत होती.

"तुमचा कुणावर संशय?"

"कुणावर घेणार? त्या बावीस पानांचं कुणाला काय लोणचं घालायचंय?"

"माहेरचं कुणी येतं-जातं?"

"धाकटा भाऊ यायचा. तीस वर्षांपूर्वी परदेशात बेपत्ता झाला. तेव्हा यांची नेमणूक त्याच शहरात होती."

निरीक्षकेने तिघांना अभ्यासिकेत बोलावलं.

"पानं किती, हे फक्त साहेबांना आणि मला माहीत होतं. टंकलेखकाने ती पाहिलीच नव्हती. बाई, तुम्ही बावीस म्हणालात. साहेब आंघोळीला गेले की किल्ली तुमच्या हाती लागते. आणि त्या प्रकरणात तुमचा भाऊ आहे. खरं ना?"

बाईंनी मान खाली घातली नाही.

"रोज आंघोळीच्या वेळात दोन-दोन पानं वाचली. आज संपली, तशी उचलली. यांनी त्याचं नाव 'शिंपी' ठेवलंय. आपला वरचा हेर वाचवायला शिंप्याला शत्रूच्या हवाली केलं, त्याच कामगिरीवर राजदूत झालो, असं लिहिलंय. पकडला तेव्हा अंगात हिरवा स्वेटर, कोपराला ठिगळ. ते ठिगळ मी लावलं होतं."

"देशासाठी होतं ते," राजदूत पुटपुटले. "तुला नाही कळायचं."

"तीस वर्षं त्याच्या शोधासाठी अर्ज केले मी. प्रत्येक अर्जाचा मसुदा तुम्ही लिहून दिलात. शुद्धलेखन तपासून."



"तक्रार मागे घेतो," राजदूत निरीक्षकेला म्हणाले. "पानं तेवढी मिळवून द्या."

"कुठे आहेत, बाई?"

"आईकडे. नव्वदीची आहे, मागच्याच गल्लीत राहते. भिंग घेऊन वाचत बसलीय. जावयाचं अक्षर तिला चांगलं लागतं."