राजाचा चेहरा उघडाच राहिला

मोहियुद्दीन मामूंना यातून एकच गोष्ट मिळणार होती. नवा कफील, म्हणजे सौदीत राहण्याच्या कागदांवर सही करणारा तिथला जामीनदार.

२०१३ साल. सौदीकरणाची मुदत संपत आलेली. मामूंच्या फ्रेमच्या दुकानात आता सौदी माणूस बसणार, मामू बाहेर. दुसरा कफील मिळाला नाही, तर मुलीची, झोयाची, बारावी अर्धवट टाकून सगळ्यांनी रत्नागिरीला परतायचं. म्हणून मामूंनी हे काम घेतलं. भोळेपणाने नव्हे. आमच्या घराण्यात भोळं कोणी नाही.

विश्वास ठेवा, नका ठेवू. मी त्यांचा भाचा, शिडी धरून तिथेच उभा होतो.

जेद्दा. शुक्रवारची दुपार. जुम्म्याची नमाज होऊन गेलेली, गल्ली ओस.

शेख यासीनचा म्हातारा बाप झोपत नव्हता. समोर येईल त्याच्या अंगावर धावायचा. यासीनने इटलीहून एक जुनं चित्र आणलेलं. भाला घेतलेला वेडा राजा, समोर हार्प वाजवणारा मुलगा. पूर्वी अशी चित्रं रोग्यांपुढे टांगायचे, त्यातलं संगीत गुण देतं, असं विकणाऱ्याने पटवलेलं. विकणारा हुशार.

"बाबा नींद, हम साइन," यासीन मामूंच्या कफीलच्या कागदांकडे बोट दाखवत म्हणाला. "बाबा नींद नहीं, खलास."

मामूंनी चित्र टांगलं.

खोलीत रेडिओ नव्हता. एसी बंद होता.

तरी... तार वाजली.

हळू. मग पुन्हा.

म्हातारा चित्राकडे बघत आडवा झाला. घोरू लागला.

यासीनने पेन काढलं. आणि मामूंना नको तेव्हा चौकशी सुचली.

"हाशिर, खाली पितळेवर काय लिहिलंय रे?"

"डेव्हिड. हा मुलगा म्हणजे आपले पैगंबर दाऊद अलैहिस्सलाम."

मामूंचा चेहरा उतरला. "तोबा. नबींचा चेहरा मी भिंतीवर टांगला?"

"सही होऊ द्या, मामू. मग काय ते बघा."

"तू गप."

दुकानात चित्रातले चेहरे झाकायची त्यांची रीतच होती. खिशातून चिकटपट्टी काढली, मुलाच्या तोंडावर लावली.

"आणि राजा?" मी विचारलं.

"तो कुठला नबी? राहू दे त्याला."

तार मध्येच थांबली.

म्हाताऱ्याने डोळे उघडले...

"निकालो!" यासीन ओरडला.

मामूंनी पट्टी ओढली. कित्येक शतकांचा रंग पट्टीबरोबर आला. मुलाच्या मानेवर आता नुसतं कापड.

मी राजाकडे पाहिलं.

हात उगारलेला होता. पण भाला... हातात नव्हता.

मागे धप्प आवाज झाला. आम्ही वळलो. म्हातारा भिंतीला टेकून बसलेला, छातीवर दोन्ही हात. रक्त नाही, खरचटलंसुद्धा नाही. श्वास नाही.

डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं.

आम्ही शिडी उचलून निघालो, तर यासीनने दारात मामूंचे कागद मागितले. सही केली. मामूंकडे न बघता म्हणाला, "बाबा नींद."

झोया जेद्द्यातच बारावी झाली. मामूंना कफील मिळाला, यासीनला शांत घर. मलाही मामूंच्या घरी दर शुक्रवारी बिर्याणी मिळते.

किंमत भरली त्या म्हाताऱ्याने. त्याला कोणी विचारलंही नव्हतं.