उसन्या पत्त्याची खाट

जिज्ञासू वाचकहो, या ठिकाणी जी हकीकत मी सादर करीत आहे, ती अद्याप घडलेली नाही. ती येणाऱ्या काळात, कोळशाच्या खाणींनी वेढलेल्या एका शहरात घडते. तिच्यात एक यंत्र आहे, एक औषध आहे आणि एका मातेचे भय आहे. नाजूक मनाच्या वाचकाने ती चार माणसांत बसून वाचावी. परंतु वाचावी अवश्य, अशी माझी विनंती आहे.

सकाळची वेळ होती. शहराच्या मोठ्या इस्पितळात विशाखा दहाट आपली कन्या सम्यका हिला खांद्यावर घेऊन शिरली. मुलीला श्वासज्वर झाला होता. त्या काळी नव्यानेच उद्भवलेल्या या रोगात अंग तापते आणि छातीत हवा शिरेनाशी होते. मागून शेजारीण पंचफुलाबाई पिशवी घेऊन धावत होती आणि वाटेतील प्रत्येकास हुकूम सोडीत होती.

“सरका ना बापा! पोरगी निळी पडून राहिली, अन् तुम्ही भिंतीसारखे उभे!”

व्हरांड्याच्या तोंडाशी कपाटाएवढे पांढरे निदानयंत्र उभे होते. हे यंत्र रोग्याची नाडी पाहत नसे. ते पत्ता विचारीत असे. शास्त्रज्ञांनी शहरातील प्रत्येक मोहल्ल्याची हवा, पाणी, गटारे, घरांची दाटी आणि तेथील मृत्यू यांचा अभ्यास करून प्रत्येकास एक अंक दिला होता. त्यास वस्ती-गुणांक म्हणत. माणसाच्या फुफ्फुसात काय साचले असेल, हे यंत्र त्या अंकावरून ताडीत असे. एकेक छाती तपासण्यास वेळ लागतो, उपकरणे लागतात. पत्ता विचारण्यास काहीच लागत नाही. गुणांक चांगला असला की हिरवा दिवा लागे आणि खाट मिळे. वाईट असला की लाल दिवा लागे आणि रोग्यास अंगणातील मांडवात पाठवीत. औषध थोडे होते. ज्याचा वाचण्याचा संभव अधिक, त्यालाच ते प्रथम द्यावे, असा नियम होता. तातडीच्या रोग्याकडे कागद मात्र मागत नसत.

विशाखाचे घर राखटेकडीत होते. वीजकेंद्राची राख जेथे सोडतात, त्या तळ्याच्या काठी ही वस्ती वसली होती. वारा सुटला की ताटातील भात करडा होत असे.

या वस्तीत एक रीत रुजली होती. परक्या माणसास कोणीही खरा पत्ता सांगत नसे. राखटेकडी म्हटले की रिक्षावाला मागे फिरे, मिळालेली नोकरी जाई, ठरत आलेली सोयरीक मोडे. म्हणून बाया ज्या शांतिविहार कॉलनीत धुणीभांडी करीत, तेथील पत्ता प्रत्येकीने पाठ केला होता. यास त्या ‘उसना पत्ता’ म्हणत. लेकरांना तो पाढ्यांच्याही आधी शिकवला जाई.

“रुग्णाचा निवास सांगावा,” यंत्र म्हणाले.

“शांतिविहार, गल्ली तीन.” विशाखाच्या मुखातून शब्द आपोआप निघाले. विचार करण्यास ती थांबलीच नाही.

हिरवा दिवा लागला.

“चाल माय, लवकर!” पंचफुलाबाईने तिला पुढे ढकलले. “माह्या घरधन्यानं, बुढ्यानं खरं सांगतलं होतं, तर मांडवातच जीव गेला त्याचा. खरं बोलायची लय हौस होती त्याले.”

सम्यकाला खाट मिळाली. भिंतीतून आलेल्या नळीचा मुखवटा तिच्या तोंडावर बसवला गेला. त्यातून श्वासमोचक नावाचे औषध वाफेच्या रूपाने येत असे. पहिला झोत सुटला. मुलीची छाती वर उचलली गेली आणि तशीच राहिली. ओठांचा निळा रंग हनुवटीपर्यंत उतरला.

डॉक्टर अनुजा चांदेकर धावत आल्या. त्या वयाने तरुण होत्या आणि त्यांच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळे होती.

“असं कसं?” त्या म्हणाल्या. “शांतिविहारच्या मुलांना पहिल्याच झोतात आराम पडतो. छातीतलं सगळं साचलेलं एकदम सुटतं.”

“अन् छातीत राख असंल तर?” विशाखाने विचारले. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

“तर राखही सुटते, ओली होते आणि सिमेंटसारखी बसते. अशा रोग्याला थेंबाथेंबानं द्यावं लागतं. पण तुम्हाला त्याचं काय? दुसरा झोत आता सुटेल, बघू या.”

पंचफुलाबाईने विशाखाचे मनगट आवळले आणि कानाशी लागून म्हणाली, “सांगू नोको व! मांडवात टाकतीन.”

“अन् नाही सांगतलं तर?”

पंचफुलाबाईने मनगट सोडले. नळीत सूं असा आवाज सुरू झाला. विशाखाने झडप घालून मुखवटा ओढून काढला.

“बाई, आम्ही शांतिविहारचे नाही! राखटेकडीचे आहो!”

औषधाची वाफ छताकडे निघून गेली. डॉक्टर विशाखाकडे वळल्या.

“अहो, मग मघाशीच का नाही सांगितलंत?”

“मघाशी सांगतलं असतं, तर तुम्ही भेटल्या असत्या का मले?”

डॉक्टर सम्यकाच्या छातीवर वाकल्या.

“तुमच्या हातानं थोडं थोडं द्या ना, बाई.”

“माझ्या हातात नळ नाही हो. किती सोडायचं, ते पत्त्यावरून यंत्रच ठरवतं. पत्ता बदलला तर औषध बरोबर येईल. पण खाट...”

“बदला.”

डॉक्टरांनी पत्ता बदलला. नळीतून धुक्यासारखी बारीक वाफ येऊ लागली. थोड्या वेळाने सम्यका खोकली, करड्या रंगाची गुळणी बाहेर पडली आणि तिच्या छातीत हवा शिरल्याचा आवाज आला. त्याच क्षणी खाटेवर लाल दिवा लागला.

“खाट रिकामी करावी. पुढील रुग्ण,” यंत्राचा आवाज आला.

दोन कर्मचारी स्ट्रेचर घेऊन आले. स्ट्रेचरवर खऱ्याखुऱ्या शांतिविहारची एक मुलगी होती, सम्यकाएवढीच. तिची आई अनवाणीच धावत आली होती.

“चला बाई, उचला पोरीला. मांडवात जागा आहे.”

“मांडवात औषध आहे का, भाऊ?”

कर्मचाऱ्याने मान खाली घातली. विशाखा खाटेवर आडवी झाली आणि तिने लोखंडी दांडा धरला. पंचफुलाबाई पुढ्यात उभी राहिली.

“लावून तर पाहा हात! चावीन.”

“हिला अजून औषध हवंय,” डॉक्टर म्हणाल्या. “आता हलवली तर जाईल.”

“आणि माझी?” ती दुसरी बाई ओरडली. “माझ्या मुलीला श्वास येत नाहीये हो!”

दोन्ही मातांची नजरानजर झाली. दोघींच्या डोळ्यांत सारखेच भय होते. ती बाई पुढे आली तेव्हा विशाखाने दांडा अधिकच आवळला. पण ती बाई इतकेच म्हणाली, “सरकवा तिला थोडं. दोघी मावतील.”

विशाखा खाली उतरली. मुली उलटसुलट निजवल्या गेल्या, एकीच्या डोक्याशी दुसरीचे पाय. डॉक्टरांनी कपाटातून दुतोंडी नळी आणून जोडली.

“एका खाटेला एकच पत्ता चालतो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आता यंत्र काय ठरवील, मला सांगता येत नाही. मोठा झोत आला तर सम्यकाचा जीव जाईल, बारीक आला तर हिला पुरणार नाही. नळ्या हातात धरा. एक दाबली की सगळी वाफ दुसरीत जाते. दाबून, सोडून निभवावं लागेल.”

दिवा कधी हिरवा, कधी लाल होऊ लागला. दोघी मातांनी घाईघाईने हाताशी आलेली एकेक नळी मुठीत धरली. मुली उलटसुलट असल्याने विशाखाच्या मुठीत त्या परक्या मुलीची नळी आली होती, आणि सम्यकाची नळी त्या बाईच्या मुठीत. हे दोघींच्याही ध्यानात आले. पण तोपर्यंत भिंतीत सूं असा आवाज सुरू झाला होता, आणि अदलाबदल करण्यास वेळ उरला नव्हता.

वाचकहो, त्या क्षणी कोणत्या मुठीने काय करावे?

याचे उत्तर माझ्या अल्पमतीस सापडले नाही, म्हणून लेखणी येथे ठेवतो. आपण हे भय माझ्यासोबत वाटून घेतलेत, याबद्दल आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
सुखदेव झिबलाजी नगराळे