ओढून पाहिलास का?

चाकणकडे गुरुवारी लाइट जाते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुरुस्तीचा वार. म्हणून इन्व्हर्टरची कामं करणारा निरंजन बुधवारीच बॅटरी बसवून येणार होता. पण बॅटरी दुकानात आली गुरुवारी सकाळी, आणि टेम्पोत टाकून तो लक्ष्मणरावांच्या घरी पोचला तेव्हा लाइट जाऊन दहा मिनिटं झाली होती.

शेतं कंपन्यांत गेलेली, मागे बंगला उरलेला. म्हाताऱ्या लक्ष्मणरावांचा श्वास ऑक्सिजनच्या मशीनवर चालायचा, आणि लाइट नसली की मशीन इन्व्हर्टरवर. जुनी बॅटरी पहाटेच मेली होती. गोजाबाईंनी नवऱ्याला छोट्या सिलिंडरवर घेतलं होतं.

"ह्यो तासभर पुरतो," त्या म्हणाल्या. मुलगा दुसरा सिलिंडर आणायला भोसरीला गेला होता आणि मोशीजवळ ट्रकांच्या रांगेत अडकला होता. निरंजनने त्यांना धीर दिला. पाऊण तासही लागणार नाही, म्हणाला.

बॅटरीची जागा जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत. दिवसाढवळ्याही आत टॉर्च लावावा लागला. कांद्याच्या पोत्यांचा दर्प आणि त्यात ॲसिडचा आंबट वास. दोन जाड वायरी भिंतीतल्या पाइपातून पलीकडे, लक्ष्मणरावांच्या खोलीतल्या इन्व्हर्टरकडे जात होत्या. टोकांचे लग, म्हणजे वायरीवर चढवून दाबून बसवायच्या तांब्याच्या टोप्या, हिरव्या गंजाने खाल्लेले. त्याने पलीकडे जाऊन इन्व्हर्टरकडची टोकं सोडवली, परत येऊन इकडचे सडलेले लग छाटले, वायर सोलली, नवा लग चढवला आणि क्रिंपिंग टूलने पुरा दाबला.

मग सवयीने तो ओढून पाहणार, तोच वायर ओढली गेली.

पलीकडून. एकच हिसका, आणि लग त्याच्या चिमटीत राहिला, वायर भिंतीकडे सरकली.

"आजी, वायरीला हात लावू नका."

"आमी कशाला लावतोय? आमी ह्यांच्या उशाशी हाय."

त्याने दुसरा लग घेतला. टूलचा दांडा कट्ट वाजेपर्यंत दाबला. टॉर्चच्या उजेडात खाच स्वच्छ उठलेली दिसली. वायर पुन्हा ताणली... सावकाश, एखाद्या जाणत्या हाताने अंदाज घेत ओढावी तशी... आणि लग निघाला.

असं ओढणारा एकच माणूस त्याला माहीत होता.

दत्तोबाकाका. लातूरहून आलेल्या निरंजनला तळवड्यात हाताला धरून काम शिकवणारे. त्यांचा एकच नेम: प्रत्येक लग अंगाचं वजन टाकून ओढायचा. आपल्या हातात निघाला तर बरं, म्हणायचे, आपल्यामागं निघाला तर कुणाचा तरी जीव जातो.

पुढे दत्तोबाच मशीनवर आले. त्यांच्या इन्व्हर्टरचं काम निरंजनने केलं. टूल दुकानात राहिलं होतं. घरचंच काम, उद्या नीट करू, म्हणून त्याने लग पकडीने चेचला. काकांनी तोंडावरचा मास्क बाजूला करून विचारलं होतं, "ओढून पाहिलास का?"

"पाहिला की काका."

पाहिला नव्हता. दोन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी लाइट गेली तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. निरंजन पोचला, तर काका गेले होते आणि लग निसटून लोंबत होता. माणसं जमण्याआधी त्याने तो गुपचूप परत दाबून बसवला. सगळे म्हणाले, आजारच तसा होता.

"आरं, काटा लालवर आलाय," पलीकडून गोजाबाई म्हणाल्या. आवाज चिरकला होता. "किती येळ लागंल?"

तिसरा लगही निघाला. डबीत दोनच उरले, आणि लागणारही दोनच.

निरंजन फरशीवर गुडघे टेकून बसला. वायर त्याच्या हातात होती, आणि तिच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी वाट पाहत थांबलं होतं.

"काका," तो पुटपुटला, "नव्हता ओढला... पकडीने दाबला होता. नंतर बसवला तोही मीच." वायर तशीच ताठ. "काकूंना सांगतो... आज. इथून थेट जातो."

त्याने लग दाबला. वायर ओढली गेली. मोठ्या माणसाचं सगळं वजन वायरीवर आलं, त्याचं मनगट काचलं, दंड भरून आले. लग हलला नाही. मग वायर सैल पडली. दुसरा लग त्याने स्वतः ओढून पाहिला.

मशीन सुरू झालं तेव्हा सिलिंडरचा काटा शून्याला टेकला होता. लक्ष्मणरावांच्या निळसर ओठांत हळूहळू रंग भरला. गोजाबाई चहाला थांब म्हणत होत्या. तो थांबला नाही.

तळवड्यात दत्तोबाकाकांच्या घरी सुमनकाकू दारातच गहू निवडत बसल्या होत्या. वर्षभरात तो इकडे फिरकला नव्हता. त्याने चपलाही न काढता, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पकड, ती थाप, लोंबणारा लग. सांगताना एकदाही त्याने मान वर केली नाही. आता शिव्या येतील, पोलिसांचं नाव निघेल. येऊ दे, असं त्याला वाटत होतं.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं.

"मला माहिताय," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू लोंबणारा लग परत बसवत होतास तेव्हा मी मागं दारात उभी होते."

"मग काकू... तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोलणार होते. पण त्याच रात्री ह्यांनीच नको म्हटलं. तो आपणहून येईल, म्हणाले." त्यांनी पदराने हात पुसले. "रोज दुपारी विचारतात, आला का म्हणून."

मग त्या उठल्या, उंबऱ्यातून बाजूला झाल्या आणि आतल्या अंधाऱ्या खोलीचं दार त्यांनी त्याच्यासाठी ढकललं.

"मला कशाला सांगतोस? ये आत. त्यांच्याजवळ बस जरा."