शेवट सांगू नका

"शेवट सांगू नका हां ताई, माझा बघायचा राहिलाय."

मागच्या बाकावरून आवाज आला आणि दीपिकाचा हात हवेतच थांबला. कॅन्टीनमध्ये अडीचचा चहा चालला होता. रविवारी दीपिका बोईसरला जाऊन सिनेमा बघून आली होती, आणि दीपिकाने बघितलेला सिनेमा अख्ख्या पॅकिंग खात्याला बघावा लागतो. गाणी, मारामारी, नायकाचा शर्ट, काही म्हणजे काही सुटत नाही. समोर बसून रिद्धी आणि शैलेश मुकाट्याने ऐकत होते. नायक धावतपळत स्टेशनवर पोचला होता, गाडी सुटणार होती… आणि हा कोण कुठला मध्येच टपकला.

रिद्धीने वळून पाहिलं. सावळा, शिडशिडीत, निळा गणवेश अजून कोरा करकरीत. केस पावसाने भिजलेले आणि दोन्ही हात चहाच्या पेल्याभोवती.

"मग कानात बोटं घाला," ती म्हणाली.

"हात अडकलेत," तो पेला दाखवत म्हणाला. "तुमी घालता का?"

शैलेश खो खो हसला. रिद्धीने मान फिरवली, पण चहा उगाचच गोड लागायला लागला.

पुढच्या पाळीचा माणूस जागेवर येऊन उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा कारखान्याचा नियम. त्या माणसाला सगळे रिलीव्हर म्हणतात. रिद्धीचा आधीचा रिलीव्हर रोज रमतगमत यायचा आणि तिच्या गावाची, मुरब्याची रिक्षा हुकायची. त्या दिवशी तीनचा भोंगा झाला आणि शेजारी तोच भिजक्या केसांचा येऊन उभा राहिला.

"धीरज," तो म्हणाला. "आजपासून तुमची सुटका माझ्या हातात."

बोलायला पक्का होता. तिकडे विक्रमगडच्या बाजूला डोंगरात त्याचं गाव. इथे कुंभवलीला खोली करून राहायचा. कारखान्यात सगळ्याच बायका ताई असतात. दीपिका ताई, झाडू मारणाऱ्या राहीबाई ताई. रिद्धीला मात्र धीरज काहीच म्हणायचा नाही. नुसता समोर येऊन उभा राहायचा आणि ती बघेपर्यंत थांबायचा. हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. रिद्धीच्या तर पहिल्याच दिवशी.

तिला सिनेमा बघायला मिळायचा नाही. पहाटे उठून पाळी गाठायची, घरी येऊन आईबरोबर सुकी मासळी निवडायची, जेवण झालं की डोळे आपोआप मिटायचे. मग धीरज तिला सिनेमा सांगायला लागला. औषधाच्या गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरता भरता, मशीन ताब्यात घेता घेता. आज मध्यंतरापर्यंत, उद्या पुढचं.

"पुढे काय होतं?"

"उद्या."

"मला झोप नाय येणार."

"मलापण नाय येत," तो म्हणायचा आणि खोक्यांकडे बघत बसायचा. रिक्षा हुकायची ती हुकायचीच. फक्त आता तिची तक्रार नव्हती.

बिंग फुटलं ते दीपिकामुळे. चहाच्या वेळी एका सिनेमाचा विषय निघाला आणि रिद्धी बोलून गेली, "किती छान ना, शेवटी ती गाडीतून उतरते."

"कुठे उतरते गं?" दीपिका म्हणाली. "गाडी निघून जाते. तो तिथंच. मी रडून रडून रुमाल भिजवला."

"आणि त्या दुसऱ्या सिनेमातला फौजी? तो परत येतो ना?"

"त्याची पेटी येते," शैलेश म्हणाला. "तू कुठला सिनेमा बघितलास?"

तीन वाजता धीरज आला तेव्हा रिद्धी हाताची घडी घालून उभी होती. "सगळे शेवट खोटे सांगितलेस मला?"

तुमीचं तू झालेलं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्याने खाली बघितलं.

"इथनं निघालीस की रिक्षात बसतेस. चार माणसांत डोळे पुसत बसशील… ते मला नाय बघवत."

"तू कुठे रिक्षात असतोस?"

"म्हणूनच."

आता यावर कुठली मुलगी रागावून राहील? रिद्धीही राहिली नाही. ती त्याच्यावर जीव टाकून बसली, आणि त्या भरात एक साधी गोष्ट तिच्या नजरेतून सुटली. हा माणूस वाईट बातमी तोंडावर सांगत नाही.

श्रावण लागला तसे घरी सातपाटीचे लोक येऊन गेले. मुलगा सुजीत, घरची बोट. रिद्धीचे वडील महादू म्हणाले, "पुनवेच्या आत काय ते ठरवून टाकू. एकदा बोटी सुटल्या की माणसं हाताला लागत नाय."

रिद्धीने आईला सांगितलं, आईने वडिलांना. दोन दिवस घरात भांडी आपटली. आमच्यात कोणी डोंगरात दिलीय का, हेही झालं. शेवटी महादू म्हणाले, "येऊ दे त्याला. बघू तरी."

दुसऱ्या दिवशी मशीनपाशी रिद्धी म्हणाली, "आज मी सांगते सिनेमा. मुलगी मुरब्याची. मुलगा डोंगरातला. मुलीच्या बापाने एकदा घरी बोलवलंय, रविवारी. पुनवेच्या आधीचा शेवटचा रविवार. पुढे काय होतं… तू सांग."

धीरज बराच वेळ पट्ट्या सारख्या करत राहिला.

"मुलगा येतो," तो म्हणाला. "मामाला घेऊन येतो. नारळ आणतो. बाप आधी तोंड फिरवून बसतो, मग मुलीकडे बघतो आणि… हसतो."

रिद्धी रिक्षात बसली आणि डोळे पुसत घरी गेली. सुखाने.

रविवारी आईने, हंसाबाईंनी, घर सारखं केलं. त्यांच्या हाताला एरवी मासळीचा वास. त्या दिवशी त्यांनी दोनदा साबण लावला. एरवी घरात बनियनवर असणारे महादू लग्नकार्यात घालायचा पांढरा शर्ट इस्त्री करून, अंगात चढवून आतल्या खोलीत बसले. दुपार गेली. भरतीचं पाणी खाडीत चढलं आणि उतरायला लागलं. रिद्धीने फोन लावला, वाजत राहिला. दिवेलागणीला वडिलांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "हंसा, वाढ. भूक लागली."

ते एका शब्दाने तरी रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी भोंगा झाला आणि शेजारी येऊन उभी राहिली ती ज्ञानेश्वरी नावाची नवी मुलगी. "मी रिलीव्हर," ती म्हणाली. धीरजने बॉयलरवरची रात्रपाळी मागून घेतली होती. पॅकिंग रात्री बंद असतं, आणि रात्रपाळीला बायकांना लावत नाहीत. अख्ख्या कारखान्यात रिद्धी पोचू शकणार नाही अशी एकच जागा होती, ती त्याने बरोब्बर शोधली.

पुनवेला सातपाटीत रिद्धीच्या लग्नाची सुपारी फुटली.

भाद्रपदातल्या एका सकाळी ती गेटातून आत शिरत होती आणि एरवी ती आत गेल्यावरच निघणारा धीरज नेमका बाहेर पडत होता. डोळे तारवटलेले. तिच्या बोटातल्या अंगठीवर त्याची नजर गेली आणि तिथेच राहिली. रिद्धी पुढे निघाली होती.

"रिद्धी," तो म्हणाला. पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली त्याने. "मी आलतो त्या रविवारी. मामापण होता. तुझ्या घराच्या वळणापर्यंत आलतो."

ती थांबली. थांबलो याचा तिला स्वतःचाच राग आला.

"मग?"

"तुझे बाबा ओट्यावर जाळं विणत बसलेले. ते बघितलं आणि… वाटलं, इथं मी काय करू. पाय नाय उचलला."

त्या दिवशी महादूंनी जाळ्याला हात लावला नव्हता. पांढऱ्या शर्टाला सुरकुती पडू नये म्हणून ते टेकूनसुद्धा बसले नव्हते, आणि ओट्यावर तर पाऊलही ठेवलं नव्हतं.

"ओट्यावर होते?"

"हो."

"हा शेवटपण गोड केलास," ती म्हणाली.

मागे बॉयलरचे लोक त्याला हाका मारत होते. तो गेला. तिने कार्ड टेकवलं आणि आत गेली, कारण तिच्या जागेची वेळ झाली होती.

अडीचच्या चहाला दीपिका नवा सिनेमा घेऊन आली होती. नायिका घर सोडून निघाली, पाऊस, अंधार… आणि अचानक दीपिका थांबली. अलीकडे ती रिद्धीसमोर जपून बोलायची.

"शेवट सांगू का नको?" तिने हळूच विचारलं. "की काहीतरी चांगला करून सांगू?"

रिद्धीने पेला खाली ठेवला.

"सांग," ती म्हणाली. "जसा हाय तसा."