हिर्डोशीचा पांढरा ओटा

गोरखने टेम्पो नीरजाच्या दारात उभा केला, तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. भोरमध्ये खासगी तपासाची पाटी लावणारी नीरजा एकटीच. तिच्या वडिलांचे स्नेही केशवराव कचेरीतून निवृत्त झाल्यापासून रोज तिच्याकडे चहाला येत आणि तपास असला की बरोबरही जात. त्यांना वाटले, हा गिरणीवाला.

"पीठ न्हाई काका, शीटची भुकटी हाय," गोरख म्हणाला. "सारोळ्याला माझं वर्कशॉप हाय. सॉलिड सरफेसचे, म्हंजी दगडासारख्या दिसनाऱ्या प्लास्टिकच्या शीटचे ओटे, कपाटं बनवतो. ताई, माझ्यावर चोरीचा आळ आलाय. सांजच्याला पोलिसांत देनार म्हनत्यात."

हिर्डोशीच्या रखमाजींचा थोरला मुलगा स्वरूप पानशेतच्या बंगल्यांवर गाडी चालवी. तिथे पाहिलेला पांढराशुभ्र ओटा त्याला आपल्या घरी हवा होता. काल गोरखने तो बसवला आणि दिवेलागणीला देव्हाऱ्यातले टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले कुळदेव, नाहीसे झालेले दिसले.

"पानशेतला दोन कामं ठरली होती. सकाळीच फोन आला, नको म्हनून." गोरखने भुवयांवरची भुकटी पुसली. "देवाचा चोर म्हनल्यावर कोन घरात घील मला?"

नीरजाने पायांत चपला सरकवल्या. "चला, केशवकाका."

हिर्डोशीच्या घरात स्वरूपने त्यांना थेट नव्या स्वयंपाकघरात नेले. ओटा एका दगडातून कोरून काढल्यासारखा होता. केशवराव त्यावरून हात फिरवत राहिले. त्यांच्या आईचा ओटा कडप्प्याचा होता. त्याच्या फटीत पीठ अडके आणि ती हिराच्या काडीने ते कोरत बसे.

"याला फट कशी नाही रे?"

"तीन तुकडे हायेत, काका. त्याच रंगाचा गोंद भरायचा, वाळला की घासून काढायचं. मग मलाबी जोड सापडत न्हाई."

"आणि भिंतीलगतचा हा जाड खांब?" नीरजाने विचारले.

"टोकाचा पाय. आत नुसती प्लायवुडची चौकट, बाकी पोकळ. त्येचं झाकन शेवटी चिकटवलं, चहा पिऊन आल्यावर. रखमाजी आजोबा म्हनले, हातपाय धू, वसरीवर बस, सावकाश पी. लई मायाळू मानूस. आज वर मान करून बघत न्हाईत माझ्याकडं."

"बघतील कसं?" स्वरूप तडकला. "म्या दिसभर पानशेतला. आलो तर ह्यो निघायच्या बेतात. टेम्पो, पिशव्या, समदं उलटंपालटं केलं. गावलं न्हाई. पन घरात भाईरचा मानूस ह्योच एक!"

धाकट्या ज्ञानूची बायको रत्ना पदर खोचूनच बोलायला उभी राहिली.

"येत्या परवा आमची चूल वेगळी व्हायची हुती, ताई. आमच्यात रीत हाय. जुने टाक सोनाराम्होरं ठेवून तसेच नवे घडवायचे. दोन्ही संगं पुजायचे. मग जुने थोरल्याकडं, नवे धाकट्याकडं. त्याबिगर नव्या चुलीत जाळ घालत न्हाईत."

"आणि जुने सापडलेच नाहीत तर?"

"मग खावा जाऊबाईंच्या हातचं आळनी कालवन, जलमभर!"

"आळनी म्हनं!" आतून जाऊबाईंचा आवाज आला. "दोन येळा वाढून घेती की गं!"

केशवरावांना हसू आले. नीरजा मात्र भिंतीपलीकडच्या माजघरात शिरली होती. तिथे खाटेवर रखमाजी बसले होते.

"काल सकाळी पुजा म्याच केली," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "फुडचं मला ठावं न्हाई."

तिच्या मागून आलेल्या केशवरावांचे डोके घाटाच्या वळणांनी गरगरत होते. ते म्हणाले, "जरा आडवा होऊ का?"

"व्हा की. पन डोस्कं हिकडं करा, पावनं." रखमाजींनी स्वतः उठून उशी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे नीट केली.

केशवराव आडवे झाले आणि चष्मा कुठे ठेवावा म्हणून बघू लागले. कोनाडा होता, पण पायांकडे. त्यात म्हाताऱ्याचा चष्मा, तंबाखूची चंची आणि वरच दिव्याचे बटण. रात्री दिवा लावायचा तर उठून दुसऱ्या टोकाला जायचे! म्हातारपणी माणूस काहीही करतो, असे मनाशी म्हणून त्यांनी डोळे मिटले.

"उठा, काका," नीरजा दारातून म्हणाली. "सगळ्यांना ओट्यापाशी बोलवा."

सगळे जमले. नीरजा शांतपणे बोलू लागली.

"टाक घरातून गेलेच नाहीत. गोरखचा टेम्पो तुम्हीच तपासलात. ते या पायाच्या पोकळीत आहेत."

"म्हंजी ह्येनंच!" स्वरूप गोरखकडे वळला.

"थांबा. जिथून पुन्हा काढायचे तर तुमच्या घरात येऊन तुमचाच ओटा फोडावा लागेल, तिथे चोर माल ठेवील? ज्याला देव न्यायचे नव्हते, घरातच ठेवायचे होते, त्याचे हे काम. रत्नाला टाक हवेत, त्याशिवाय तिची चूल पेटत नाही. तुम्ही पानशेतला. गोरख चहाला गेला तेव्हा हे झाकण उघडे होते. आणि त्याला सावकाश चहा पी म्हणून कोणी बाहेर धाडले?"

सगळ्यांच्या माना रखमाजींकडे वळल्या.

"तरी मला खात्री नव्हती. माजघरातली खाट बघितली आणि झाली. चष्मा, चंची, बटण, सगळे पायांकडे. उशी कालच फिरली आहे. आधी पाय या भिंतीकडे होते. भिंतीपलीकडे हा खांब. आजोबा, सगळ्या घराला फसवलेत, पण देवांकडे पाय करून झोपणे तुम्हाला जमले नाही. पाहुण्यालाही करू दिले नाहीत."

रखमाजी भिंतीला टेकून खाली बसले.

"टाक न्हाईत तर वेगळी चूल न्हाई. येवढंच मनात हुतं," ते म्हणाले. "आळ ह्या पोरावर यील, ह्ये सुचलंच न्हाई. सुचलं तवा त्वांड उघडंना."

गोरखने कटर लावला. पांढरी भुकटी उडाली. आत, चौकटीच्या मागे, लाल फडक्यातले गाठोडे होते. त्याने ते हातात घेतले नाही, बाजूला सरकून वाट दिली. रत्नाने ते उचलले आणि कपाळाला लावले.

स्वरूप म्हणाला, "गोरख, झालं गेलं ते..."

"तुमचं देव मिळालं, दादा. माझं नाव कुठं हाय?"

रखमाजींनी खुंटीवरची टोपी घातली, गोरखचे मनगट धरले आणि ते बाहेर पडले. फाट्यावर भोरची एसटी सुटायच्या बेतात होती. म्हातारा गाडीच्या दारातच उभा राहिला.

"आईका रं समदी! ह्या पोरानं माझे टाक चोरले न्हाईत. म्याच लपवले. भोरपतूर सांगत जावा."

"आजोबा, बाजूला व्हा, उशीर होतोय," कंडक्टर म्हणाला.

"हू दे."

मागच्या बाकांवर ऐकू गेले नसावे, असे त्यांना वाटले. ते गोरखला घेऊन गाडीत चढले आणि मधल्या दांड्याला धरून त्यांनी सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले.