पडछायांची सहल

चार हजार सतराव्या सहलीत लोकेश भिरूड मांडूच्या घाटात स्वतःच्या मुलीशी कडाडून भांडला, आणि ही गोष्ट त्याला रविवारी सकाळी पोहे खाताना कळली.

“मी? भांडलो?” लोकेशच्या हातातला चमचा तसाच राहिला. “अरे, मी अजून भुसावळच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही!”

“तुम्ही नाही, बाबा. तुमची पडछाया भांडली,” सोळा वर्षांची शर्वरी भिंतीवरच्या पडद्याकडे बघत म्हणाली. “गाडीतला गारवा कमी करा असं मी म्हणाले, मग तुम्ही माझ्या परीक्षेतले गुण काढलेत.”

“यात मात्र यंत्राचं काही चुकलं नाही,” आबा म्हणाले. आबा म्हणजे लोकेशचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं.

उन्हाळ्यात पारा सत्तेचाळिसावर जाऊ लागल्यापासून महामार्ग पूर्वीसारखे मोकळे राहिले नव्हते. पहाटे चार ते सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ, एवढ्याच वेळात गाडी चालवायची. मधला वेळ सावलीतळावर काढायचा. तिथे प्रचंड मोठ्या छपराखाली गाड्या आणि माणसं दोन्ही थंड होत बसलेली असत. प्रत्येक कुटुंबाला वर्षातून एकदाच उन्हाळी परवाना मिळे, आणि त्यासाठी सगळ्या प्रवासाचा आराखडा आधी द्यावा लागे. भिरूडांच्या अर्जाची मुदत आज दुपारी बारा वाजता संपत होती.

आराखडा करायचं काम वाटाड्याचं. वाटाड्या ही एक संगणकीय प्रणाली होती. घरातल्या प्रत्येकाची जुनी खरेदी, फोटो, खाण्याच्या ऑर्डरी, घरात बोललेली वाक्यं, हे सगळं गोळा करून ती त्या माणसाची एक पडछाया तयार करी. पडछाया म्हणजे त्या माणसासारखं वागणारं गणित. मग या पडछायांना ती हजारो सहलींवर पाठवी. कुणाला कुठे मजा आली, कोण कुठे वैतागलं, ते मोजून प्रत्येकाला समाधानाचे गुण देई. शिक्षक फळ्यावर एकच उदाहरण दहा रीतींनी सोडवून दाखवतात आणि सर्वांत सोपी रीत वहीत उतरवून घ्यायला सांगतात, तसाच हा प्रकार होता. फरक इतकाच, की इथे फळ्यावर माणसं होती.

भिरूडांचं उदाहरण तीन रविवार सुटत नव्हतं.

भुसावळहून निघून बुऱ्हाणपूर, महेश्वर, मांडू आणि इंदूर, असा लोकेशचा बेत होता. आबांना बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा बघायचा होता. जमिनीखालून उताराने पाणी शहरात आणणारी ती जुनी रचना त्यांनी वर्गात पन्नास वेळा फळ्यावर काढली होती, पण प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती. शर्वरीला मांडूचे महाल हवे होते. लोकेशला इंदूरचं खाणं हवं होतं, तेही खिशाला परवडेल असं. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी साधी थाळी. मांडूला एखाद्या घरगुती खानावळीत दाल-पानिये, म्हणजे डाळ आणि पानांत भाजलेल्या मक्याच्या भाकऱ्या, मिळाले तर सोन्याहून पिवळं.

पण बुऱ्हाणपूर धरलं की वाटाड्या मांडू वगळे. मांडू धरलं की इंदूर.

“कारण सांग,” लोकेशने दरडावलं.

“कुंडी भंडारा पाहिल्यावर आबासाहेब दमतात. संध्याकाळी पुढे निघण्यास ते नकार देतात,” वाटाड्याचा नम्र आवाज आला.

“मी कधी नकार दिला रे?” आबा उसळले.

“दोन हजार तीनशे सहा वेळा.”

“बघा! माझ्याच नावावर, मला न विचारता!”

लोकेशची बायको हेमांगी चहा घेऊन आली. “अहो, पोहे गार होताहेत. नंतर भांडा त्याच्याशी.”

“अगं, पण तू तरी सांग. तुला कुठे जायचंय?”

“मला काय, कुठेही चालेल. तुमचं ठरलं की झालं,” असं म्हणून तिने रिकाम्या बशा उचलल्या.

साडेदहा झाले. लोकेशने राहण्याचा खर्च आणखी खाली आणला, शर्वरीने फोटो काढायचा वेळ अर्धा केला, आबांनी दुपारची झोप सोडण्याची तयारी दाखवली. वाटाड्या गप्प झाला. पडद्यावर ठिपके फिरत राहिले. मग एकदम नकाशा हिरवा झाला.

चार शहरं, पाच रात्री. बुऱ्हाणपूरला मावा जिलेबी, महेश्वरला नर्मदेचा घाट, मांडूला दाल-पानिये, इंदूरला पोटभर आणि स्वस्त. लोकेशचं समाधान चौऱ्याण्णव टक्के, आबांचं एक्याण्णव, शर्वरीचं शहाण्णव. भांडणं शून्य.

“जमलं रे भो!” लोकेशने टाळी वाजवली. “शर्वू, दाब लवकर. पुन्हा बदलायच्या आत दाब.”

शर्वरीचा हात वर गेला आणि तिथेच थांबला.

“बाबा, प्रवासी तीनच लिहिलेत.”

“चार असतील. नीट बघ.”

“तीन आहेत. खाली बारीक अक्षरात आहे. चौथ्या सदस्य, हेमांगी भिरूड. मुक्काम घरी. समाधान शंभर टक्के.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

लोकेश आधी हसला. “बावळट आहे हे यंत्र. ए, चौघांसाठी आराखडा कर.”

“चौघांना दोन खोल्या लागतात, तिघांना एक पुरते,” वाटाड्या म्हणाला. “दोन खोल्या घेतल्यास आपल्या खर्चात दोनच शहरं बसतात. हेमांगीताईंना प्रत्येक सहलीत शंभर गुण मिळतात. घरी राहिल्यावरही शंभरच मिळतात. त्यांच्या असण्या-नसण्याने त्यांच्या समाधानात फरक पडत नाही. इतर तिघांच्या मात्र पडतो.”

“शंभर कसे? प्रत्येक वेळी?”

“उपलब्ध नोंदींनुसार. ‘मला काहीही चालेल’ हे वाक्य गेल्या सहा वर्षांत तीन हजार एकशे बारा वेळा. तक्रार एकदाही नाही.”

आबांनी चष्मा काढून पुसला. “पोरी,” ते शर्वरीला म्हणाले, “समज, माझ्याकडे एक तापमापी आहे. ती सगळ्यांचा ताप सारखाच दाखवते, बर्फात घातली तरी तोच आकडा. मग सगळं जग निरोगी आहे असं म्हणायचं का?”

“नाही. तापमापी बिघडलीय असं म्हणायचं.”

“तेच. शंभर गुण म्हणजे ती सुखी आहे, असं नव्हे. यंत्राला तिच्याबद्दल काहीच ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ.” चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत ते म्हणाले, “आणि यंत्राला आपणच तर सगळं सांगितलंय.”

हेमांगी पदराला हात पुसत दारात उभी होती. “आबा, एवढं काय त्यात? तुम्ही तिघं जाऊन या. माझे ज्वारीचे बिबडे वाळवायचेच आहेत, ऊन चांगलं आहे. मला खरंच काही—”

“नोंद झाली,” वाटाड्या म्हणाला. “मुक्काम घरी, समाधान शंभर.”

“गप बस रे!” शर्वरी इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. “तिची पडछाया पुसून टाक. नवीन कर.”

“नव्या पडछायेसाठी स्वतः त्या व्यक्तीने निवडलेली बारा उत्तरं लागतील. वेळ बारापर्यंत. आता अकरा वाजून आठ मिनिटं झाली आहेत.”

हेमांगीला खुर्चीत बसवलं. तिघं भोवती उभे राहिले. पहिला प्रश्न सोपा होता. महेश्वर की मांडू?

हेमांगीने लोकेशकडे पाहिलं, मग शर्वरीकडे. “मांडू,” ती म्हणाली.

“उत्तर ग्राह्य नाही. उत्तरापूर्वी इतरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं गेलं.”

“बरं, महेश्वर.”

“ग्राह्य नाही.”

“अगं, समोर बघून बोल ना,” लोकेश चिडला. “साधं उत्तर द्यायचंय!”

“देतेय ना! तुम्ही असे डोक्यावर उभे राहिलात तर काय सांगू?”

“पुढचं घे. जेवणाचं विचार. तिला शेवभाजी आवडते, लिही. झणझणीत. आम्ही ढाब्यावर गेलो की दर वेळी तीच मागवते.”

“शेवभाजी एक्केचाळीस वेळा,” वाटाड्याने दुजोरा दिला. “एक्केचाळीसही वेळा ऑर्डर लोकेश भिरूड यांनी दिली.”

“मला नाही आवडत शेवभाजी,” हेमांगी म्हणाली.

लोकेशने वळून तिच्याकडे पाहिलं.

“छातीत जळजळतं. रात्री दोनदा उठून पाणी पिते मी.”

“कधीपासून?” लोकेशने विचारलं.

“लग्नाच्या आधीपासून.”

“मग बावीस वर्षांत सांगायचं नाही का?”

“तुम्ही विचारायच्या आत मागवून मोकळे होता.” तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे लोकेशला ते जास्तच लागलं.

“उत्तर ग्राह्य,” वाटाड्या म्हणाला. “एक झालं. अकरा बाकी.”

आबांनी हातातली काठी जमिनीवर आपटली. “चला रे बाहेर. परीक्षेच्या खोलीत पालकांना बसू देतात का कुठे?”

तिघं गॅलरीत आले. दार लागलं. बाहेर ऊन असं होतं की कठड्याला हात लावता येत नव्हता. आतून काही ऐकू येत नव्हतं. लोकेश घाम पुसत घड्याळ बघत होता. तीन आठवडे जीव काढून बसवलेला बेत आत मोडला जात होता, आणि त्याला राग नेमका कुणाचा येतोय हेही समजत नव्हतं. यंत्राचा? बायकोचा? तो पुटपुटला, “एवढी साधी सहल, लोक नुसती गाडी काढून जायचे पूर्वी.”

“जायचे,” आबा म्हणाले. “तुझी आईही जायची. मागच्या सीटवर डबे मांडीवर धरून. तिला काय बघायचं होतं, हे मी आज आठवून बघतोय. आठवत नाही.”

अकरा सत्तेचाळिसाला दार उघडलं. हेमांगीचा चेहरा नुकत्याच पेपर देऊन आलेल्या मुलीसारखा लाल झाला होता. पडद्यावर पाच हजार नव्या सहली एकामागून एक धावत होत्या. बहुतेक लाल होत होत्या. एका सहलीत हेमांगीची पडछाया मुक्ताईनगरच्या अलीकडेच गाडीतून उतरली होती. आकडे स्थिरावले. दोन शहरं, दोन खोल्या. लोकेश त्रेसष्ट टक्के, आबा सत्तर, शर्वरी अडुसष्ट, हेमांगी बहात्तर. भांडणं नऊ.

“नऊ!” लोकेश मट्कन बसला.

“खरी सहल दिसतेय,” आबा म्हणाले.

शर्वरीने हात पुढे केला, पण त्याआधीच पडदा पिवळा झाला.

“नव्या पडछायेचा या घरातल्या जुन्या नोंदींशी मेळ बसत नाही,” वाटाड्या म्हणाला. “परवाना परक्या व्यक्तीसाठी वापरला जात असल्याची शंका आहे. उरलेल्या तिन्ही सदस्यांनी हेमांगीताईंच्या बारा उत्तरांपैकी एकेक ओळखावं. प्रत्येकास दोन संधी. न जमल्यास तिघांचा आराखडा मंजूर होईल.”

“ही काय थट्टा आहे? माझी बायको आहे ती!”

“तेच सिद्ध करायचं आहे.”

अकरा बावन्न. शर्वरी पुढे झाली. “आई पहाटे गाडीची काच खाली करेल. गारवा बंद करून. स्कूटरवर ती तोंडावरचा रुमाल काढते, मी मागे बसलेली असते.”

“जुळलं.”

आबांनी विचार करायला पूर्ण मिनिट घेतलं. “ती कुंडी भंडाऱ्यात खाली उतरणार नाही. मला दवाखान्यात नेते तेव्हा मी लिफ्टने जातो, ती जिन्याने येते. व्यायामाला म्हणून, असं सांगते. पण बंद जागेच्या दाराशी तिचे हात कसे घट्ट आवळले जातात, ते मी पाहिलंय.”

हेमांगीने चमकून आबांकडे पाहिलं.

“जुळलं.”

आता लोकेश. शेवभाजीचं उत्तर त्याच्यासमोरच दिलेलं होतं, ते चालणार नव्हतं. “साडी,” तो म्हणाला. “महेश्वरला गेल्यावर महेश्वरी साडी. बायकांना—” त्याचं वाक्य अर्धवट राहिलं.

“जुळलं नाही. एक संधी बाकी.”

अकरा छप्पन्न. लोकेशने मनातल्या मनात सगळं चाळून पाहिलं. तिचा आवडता रंग निळा होता, की तो शर्वरीचा? ती गोड खाते का? सगळ्यांना वाढून झाल्यावर ती काय खाते, हे बघायला तो ताटावर कधी थांबलाच नव्हता. त्याच्याकडे तिच्याबद्दल तीन हजार एकशे बारा नोंदी होत्या, वाटाड्याकडे होत्या त्याच, आणि त्याचं उत्तरही इतका वेळ वाटाड्यासारखंच होतं.

“आई, खूण कर ना काहीतरी,” शर्वरी रडवेली झाली. हेमांगीने मान हलवली नाही. तिची नजर नकाशावरच्या निळ्या रेषेवर होती. ती नर्मदा होती.

लोकेश उठला. पडद्याकडे पाठ करून त्याने खुर्ची हेमांगीसमोर ओढली आणि बसला. तीन रविवार चार जणांच्या नावाने तो अर्ज भरत होता. खोल्या, जेवणं, सावलीतळ, सगळं त्याने चारचार वेळा विचारलं होतं. या सगळ्याच्या आधीचा एक प्रश्न मात्र त्याने तिला कधीच विचारला नव्हता.

अकरा अठ्ठावन्न झाले होते.

“हेमा,” तो म्हणाला, “तुला आमच्याबरोबर यायचंय का?”